फटी भरण्याआधी

शेणवा, ता. शहापूर
२३ नोव्हेंबर २०२५

रविनाच्या बाबांस,
अनिताचा नमस्कार.

मी बरी आहे. तुम्ही बरे असाल, शामभाऊजी आणि जाऊबाईही मजेत असतील. मुरबाडला थंडी पडली का? इथे सकाळी धरणाच्या पाण्यावर इतकं धुकं असतं की नऊ वाजले तरी पलीकडचा काठ दिसत नाही.

भात झोडून झालं. मजूर मिळाले नाहीत, तेव्हा शेजारची जनी आणि मी दोघींनीच कापलं. पेंढ्याची उडवी मात्र वाकडी झाली आहे. जनी म्हणते, "वहिनी, ही तुमच्यावानीच रुसून बसलीय." तांबडी शेळी व्याली, दोन्ही पाठी. स्वयंपाकाचं काही जमत नाही. एका माणसाला वांगी किती घ्यायची ते मला अजून कळलेलं नाही. रोज उरतं आणि दुसऱ्या दिवशी मीच शिळं खाते.

फोनवर तुम्ही "बरं" म्हणता आणि ठेवून देता. म्हणून लिहायला बसले. पत्र रागाने फेकलंत तरी पुन्हा उचलून वाचता येईल.

परवा रविना मुरबाडला तुम्हाला भेटून आली. ती सांगत होती, भाऊजींनी तुम्हाला खुर्चीचा पाय ठोकायला सांगितला तर तुम्ही म्हणालात, "माझ्या हातात आता काय बी देऊ नको रे." ते ऐकलं तेव्हाच कागद काढून ठेवला. त्याला आज दोन दिवस झाले. आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

मामंजींची ती होडी गोठ्यामागे चौदा वर्षं पालथी पडलेली होती. तुम्ही कारखान्यातून निवृत्त झालात आणि आठ महिने ओट्यावर मुके बसून राहिलात. मी विचारावं, तुम्ही मान हलवावी. त्याआधीची तीस वर्षं तरी काय वेगळी होती? पहाटे डबा घेऊन जायचात आणि रात्री जेवून झोपायचात. मग होळी झाल्यावर एक दिवस तुम्ही ती होडी सुलटी केलीत आणि मला हाक मारलीत, "अगो, जरा ह्या बाजूनं धर."

मी धरलं. त्या दिवसापासून तुम्ही बोलायला लागलात. छिनी दे, ही फळी बघ किती कुजलीय, आबा इथं बसायचे, मी इथं. दुपारी आपण होडीतच बसून भाकरी खायचो. येणारे जाणारे हसायचे. "कुठं निघाला जोडा?" असं भगतवाडीच्या कमळूने विचारलं तेव्हा तुम्ही "काशीला" म्हणालात, आठवतं? लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि मला नवऱ्याचा आवाज तेव्हा कळला.

आणि मग वैशाखात तुम्ही म्हणालात, होडी झाली की पलीकडच्या काठाला खोप घालीन, जाळी टाकीन, आठवड्यातून एकदा घरी येईन. किती खुशीत सांगत होतात! आठवड्यातून एकदा, एवढंच मी ऐकलं. मी म्हटलं, "छान आहे की."

दोन दिवसांनी माझे धाऊमामा आले. तुम्ही खिळे आणायला शहापूरला गेला होता. मामांनी हात फिरवून सगळ्या फळ्या पाहिल्या. जन्मभर नाव वल्हवलेला माणूस तो. म्हणाले, "पोरी, फटी भरायच्या आधी ही आठ-दहा दिस पान्यात बुडवून ठेवा. लाकूड पानी पिऊन फुगलं पायजे. सुक्या फटीत कापूस ठासशीला तं मंग फुगायला जागा नाय उरत, फळी खिळ्यासकट सुटंल. तुझ्या भगीरथाला सांग गो, इसरू नको."

मी विसरले नाही. सांगितलं नाही.

वाटलं, थोडं पाणी झिरपेल, तुम्ही चिडाल, होडी परत वर ओढाल. आणखी एक वर्ष "इकडून धर, तिकडून धर" चालेल. तुम्ही राळेत भिजवलेला कापूस फटीत ठासत होतात, मी पिळे करून हातात देत होते, आणि प्रत्येक पिळ्याला वाटायचं, आता सांगावं.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा करून होडी पाण्यात सोडली. दसऱ्याला सगळे बसले. रविना बाळाला घेऊन बसली, तेव्हाही मी गप्प राहिले. हे मला स्वतःला माफ करता येत नाही. फळी सुटली तेव्हा पाणी कमरेएवढंच होतं ही देवाची कृपा, माझी नाही. काठावरचे लोक हसले. "कारखान्यातला मिस्त्री, धरणात होडी बुडवली!" तुम्ही ओल्या कपड्यांनी उभे होता आणि आपल्या हातांकडे बघत होता. मी नामानिराळी राहून रविनाला टॉवेल देत होते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पिशवी घेऊन निघालात. तेव्हा बोलायला हवं होतं. तेव्हाही भ्यायले.

तुम्ही गेल्यावर मामांना बोलावून त्यांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "चल, दगडं आन." फटींतला कापूस मी सगळा उपसून काढला. दगड भरून होडी काठाजवळ बुडवली, दहा दिवस तशीच ठेवली. वर काढल्यावर सुटलेली फळी मामांनी बसवून दिली. फटी मी भरल्या, तुमच्याच छिनीने, तुम्ही करायचात तशा. नऊ दिवस लागले. कोणाशी बोलायचं नव्हतं, म्हणून लवकर झालं.

बुधवारपासून होडी पाण्यात आहे. आतलं लाकूड कोरडं आहे. काल शेणव्याच्या दुकानावर दसऱ्याला हसलेले बहुतेक सगळे होते. कमळूही होता. मी तिथे उभं राहून सांगितलं, चूक माझी होती, मला माहीत असून मी सांगितलं नाही. कोणी हसलं नाही. तेव्हापासून जनी आलेली नाही.

होडी बाभळीला बांधली आहे, वल्ही आत ठेवली आहेत. पलीकडे खोप घालायची असेल तर घाला. घरात न येताही नेता येईल, मी आडवी येणार नाही. इतके महिने तुम्हाला धरून ठेवायला मी तुमच्याच हातांचं हसं होऊ दिलं. त्या हातांत काही खोट नव्हती. राग धरायचा तर माझ्यावर धरा आणि शामभाऊजींच्या खुर्चीचा तो पाय ठोकून द्या.

तुमची म्हणवून घेण्याची मुभा अजून असेल तर तुमची,
अनिता