वॉर्म-अप: अडीच तास

गुरुवार, २ जानेवारी २०२५
संकल्प. एक: कुणालाही सवलत नाही. दोन: कामापुरतंच बोलायचं.
कारखान्याच्या लॅबमधून निवृत्त होऊन सात वर्षं झाली. तेव्हापासून महाडमधले मीटर तपासायचं काम माझ्या पुढच्या खोलीत चालतं. आज माळ्यावरून माझा स्टँडर्ड काढला: नेमके दहा व्होल्ट देणारा डबा. त्याला मीटर जोडायचा. दहा दाखवले तर पास, नाही तर लाल स्टिकर. २०२१च्या पुरात पाणी माळ्यापर्यंत आलं होतं, पण फार वेळ थांबलं नाही. दोन स्क्रू गंजलेत. व्होल्टेज स्क्रूवर ठरत नाही.
रघुवीर पोलादपूरहून दहाला आले. लॅबमधले जुने सहकारी. दर गुरुवारी आपला मीटर टॉवेलात गुंडाळून आणतात, माझ्या मीटरशी ताडून बघायला. आधी दोन्ही मीटर तापू द्यावे लागतात. मी अडीच तास ठेवते. रघुवीर म्हणाले, "बाई, मॅन्युअलमध्ये एक तास आहे ना?" मी म्हटलं, कोकणात दमट हवा. तेवढ्यात चहा दोनदा झाला. सवच्या गरम पाण्याच्या कुंडांवर एकदा जाऊन येऊ म्हणाले. वेळ कुठे आहे?
त्यांचा मीटर: ९.९९८२. माझाही: ९.९९८२. तंतोतंत जुळले. म्हणजे दोन्ही सारखेच चुकतात. दोघांना लाल स्टिकर.
"बाई, डबा शेवटचा कधी तपासला?" सर्टिफिकेट पुरात वाहून गेलं, त्याला मी काय करणार? रघुवीर तिसऱ्या चहाला थांबले नाहीत.

सोमवार, ६ जानेवारी
मोटार-वाइंडिंगवाला विपुल सगळ्या गॅरेजवाल्यांचे मिळून सात मीटर घेऊन आला. सातही नापास. सगळे कमीच दाखवतात. गावाला शिस्त नाही. विपुल म्हणाला, "मॅडम, सातच्या सात? आमच्या दहावीलाबी दोघं सुटले होते."

गुरुवार, ९ जानेवारी
रघुवीर आले नाहीत. एसटीचा घोळ असणार. अचूकतेसाठी वॉर्म-अप चार तास चालू ठेवला.

मंगळवार, १४ जानेवारी
रघुवीरना फोन केला. संक्रांतीचा नव्हे, स्टिकरचा कोपरा नीट दाबा, एवढं सांगायला. ते म्हणाले, तुमच्या रिपोर्टमध्ये अनिश्चिततेच्या रकान्यात रेघ आहे. म्हटलं, मला खात्री आहे, तर अनिश्चितता कशाला लिहू? "अधिक-उणे किती, ते नसलेल्या आकड्याला आपण लॅबमध्ये मत म्हणायचो, बाई. डबा पुण्याला तपासून आणा. तोवर मी येत नाही."
तिळगूळ घ्या म्हणाले. गोड बोलण्याबद्दल कुणीच काही म्हणालं नाही.

गुरुवार, १६ जानेवारी
डबा पुण्याच्या लॅबला पाठवला. केवळ त्यांचं तोंड बंद करायला.

गुरुवार, ३० जानेवारी
डबा नाही, रघुवीर नाहीत. तरी मीटर चालू केला. पंख्यासारखा बारीक आवाज येतो त्याचा. पूर्वी कधी ऐकू आला नव्हता.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
डबा आणि रिपोर्ट आले. डबा देतो ९.९९८२ व्होल्ट. पुढे अधिक-उणे, आणि अगदी छोटा आकडा.
वरंध घाटातल्या खड्ड्यांनी धक्का बसला असणार. पण घाटाच्या आधीही सगळे मीटर हेच सांगत होते. नऊच्या नऊ.
जेवण नको म्हटलं. स्वयंपाकाची गीताबाई म्हणाली, "ताई, ताप हाय का?"

सोमवार, १० फेब्रुवारी
रॉकेलचा बोळा घेऊन विपुलच्या दुकानात गेले. स्टिकर काढू लागले तर म्हणतो, "ऱ्हाऊ दे मॅडम. लाल बघून कोन मीटर उसना मागत नाय."

मंगळवार, ११ फेब्रुवारी
पोलादपूर. सोबत रिपोर्ट, रॉकेल, बोळा. माफी मागायची नाही. दुरुस्ती कळवायची, असं बसमध्ये ठरवलं.
रघुवीरनी रिपोर्ट चष्मा लावून दोनदा वाचला. मीटर कुठे आहे, मी विचारलं. "खेडच्या मित्राला देऊन टाकला. तुम्ही नापास केलात, मग ठेवून काय करू?"
बोळा पिशवीत परत ठेवला. हाताला वास राहिला.
निघताना रघुवीर दारापर्यंत आले. "आता मीटर नाही. मग गुरुवारी येऊ कशाला?" असं विचारलं आणि थांबले.
मी म्हटलं, "खरंय. कामाशिवाय कशाला?"
बस लगेच मिळाली.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
सकाळी नऊला डबा आणि मीटर चालू केले. गीताबाईने दोन कप काढले होते. एक परत ठेवायला सांगितला. मॅन्युअल काढून बघितलं. वॉर्म-अप एक तास पुरतो.
दहाला सगळं उरकलं.