महानंदाबाईंचं भाषण

४ ऑगस्ट, लातूर
मी शिकवतो त्या भाषणाच्या क्लासचे मालक मोरेसर. त्यांचा नवा फतवा: शिकणाऱ्याचं आधी कौतुक, मग सूचना, शेवटी परत कौतुक. म्हणजे भाकरीच्या पापुद्र्यात ठेचा लपवून चारायचा. डोकं फिरलं.

६ ऑगस्ट
उदगीरकडच्या एका गावच्या नव्या सरपंच आल्या, महानंदाबाई. सोबत नवरा, शिवअप्पा. गाव त्यालाच सरपंच म्हणतं, ग्रामसभेत माइक त्याच्याच हातात. पंधरा ऑगस्टच्या सभेत मात्र बाई स्वतः बोलणार म्हणून हटून बसल्यात. भाषण त्यानंच लिहिलेलं. दर वाक्याला त्याच्याकडे नजर. भयाण! नियम म्हणून म्हटलं, "आवाज खणखणीत आहे."

८ ऑगस्ट
अप्पानं चहाच्या टपरीवर गाठलं. "सर, तुमी तोंडावर बोलताव म्हणं. सांगून टाका की तिला, जमत न्हाई म्हणून. माझं ऐकत न्हाई ती, तुमचं ऐकील."
नालायक. माझ्या जिभेवर होतं नेमकं तेच याला हवंय. क्लासात जाऊन बाईंचं तोंड भरून कौतुक केलं. बाईंसाठी नाही, त्याची जिरवायला.

११ ऑगस्ट
परत कौतुक. बाई भडकल्या, अप्पासमोरच. "घरी हे म्हणतेत तुला काईच येत न्हाई. तुमी म्हणताव लई भारी. शिकवत तर कोणीच न्हाई. गावासमोर हसं माझं व्हनार."
नियम गेला खड्ड्यात. अप्पाला बाहेर काढलं. म्हटलं, हे भाषण फेका, रटाळ आहे. नळाला पाणी का येत नाही एवढंच बोला, घरी भांडता तसं. अडखळल्या की टोकत गेलो. रडल्या, पण खाली बसल्या नाहीत. शेवटच्या वेळी तर झकास बोलल्या. त्यांना तसं सांगायचं राहिलं. वेळ संपली, अप्पा दारातच.

१२ ऑगस्ट
अप्पाची तक्रार, बाईला रडवलं. मोरेसर म्हणाले, माफी मागा नाहीतर येऊ नका. मागत नाही. बसा बोंबलत.

१५ ऑगस्ट, उदगीरच्या एसटीत
बाईंचं ऐकायला निघालो. सभेची वेळ विचारायला ग्रामपंचायतीत फोन केला होता, ते अप्पाला कळलं असणार. त्याचाच फोन, आवाजात गूळ. "कशाला तरास घेताव? रात्रीच सांगितलं तिला, सरांचा फोन होता, तुला जमत न्हाई म्हणले. गप झोपली."
हरामखोर. बाईंना खरंच वाटेल. माझ्या तोंडची शिवी कुणालाही खरी वाटते, कौतुक मीच नासवलं.
बाईंचा फोन बंद. गाडी नळेगावात उभी, ड्रायव्हर झेंड्याला गेलाय.