जंगलाकाठचे वावर प्रेरणाच्या नावे

मी, देवकाबाई तानबा घोडमारे, राहणार तळेगाव (श्यामजी पंत), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. दुसरीपर्यंत शिकले आहे, तेवढ्यात भागते. डोके ठिकाणावर आहे. कोणी जबरदस्ती केली नाही. तेवढी हिंमत कोणात नाही.

१. गावातले घर मुलगा धनंजय याला. मागची भिंत पावसाळ्यात गळते. त्याला हे माहीत नाही, कारण तो पावसाळ्यात येत नाही.

२. चांदीचे गोठ सून मोहिनी हिला. तिने कधी मागितले नाहीत. मागितले असते तर दिले नसते.

३. गाय घराशेजारच्या आनंदाबाईला. लाथ मारते. आनंदाबाईही कमी नाही.

४. जंगलाला लागून असलेले वावर, त्यातल्या खोपडीसकट, म्हणजे राखणीच्या झोपडीसकट, नात प्रेरणा हिच्या एकटीच्या नावे. धनंजयला ते शेजारच्या वावरवाल्या रूपराव कडूला विकायचे आहे. म्हणतो, "पोरगी लगन होऊन जाईन, वावर का डोक्यावर नेईन?" वावर जागेवरच राहते. म्हणूनच तिला दिले.

कारण लिहून ठेवते. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात मोहिनी बाळंतपणासाठी अंथरुणाला होती. धनंजयने आठ वर्षांची प्रेरणा माझ्या खोपडीत आणून टाकली. तिथे वीज नाही, शेजार नाही. मोहफुलं खायला अस्वल येते. पोरगी रडली नाही. "आजी, अस्वल आपले फुलं काऊन खाते?" एवढेच विचारले. मी म्हटले, "त्याले बाजार नाई जमत."

आमच्याकडची रीत अशी, की मोहाच्या बुंध्याला जो आधी गवताची गाठ बांधेल, त्या वर्षी त्या झाडाची फुलं त्याची. गाठ ज्याने बांधली त्यानेच सोडायची. हे मी प्रेरणाला सांगितले. रूपराव आळशी, त्याचे बांधायचे राहिले होते. दुसऱ्या दिवशी तो उठायच्या आत पोरीने त्याच्या बाजूचे सगळे मोह बांधून टाकले. गवत संपले तेव्हा शाळेची रिबन फाडली.

रूपराव आला. "काकी, पोरीले सांग, गाठी सोड म्हणा."

"ज्यानं बांधल्या त्यालेच सांग."

"सोड वं माय," तो तिला म्हणाला.

"धुरा पयले होता तिथं ने, मंग सोडतो."

धुरा म्हणजे आमच्या दोघांच्या वावरांमधला बांध. तो रूपराव दर नांगरणीला माझ्या अंगावर सरकवत होता. पोरीला मी हे शिकवले नव्हते. रोज सकाळी मी त्याला शिव्या देत होते, तिने कान बंद ठेवायचे होते.

फुलं पडत राहिली, ढोरं खात राहिली. शेवटी रूपरावने फावडे घेऊन धुरा मागे नेला. माझ्या मालकाला आणि धनंजयला जे जमले नाही, ते तिने केले. मग गाठी सोडल्या आणि त्याला फुलं वेचू लागली, मला न विचारता. ते मला आजही पटत नाही.

५. प्रेरणा सावंगीला नर्सिंग शिकते. वावर तिने करावे, अर्ध्या वाट्यावर बटईने द्यावे, नाहीतर पडीत ठेवावे. विकायचे तर तिने विकावे, बापाने नाही.

ठिकाण: तळेगाव (श्यामजी पंत), ता. आष्टी, जि. वर्धा
तारीख: २० मे २००८
सही: देवकाबाई तानबा घोडमारे

साक्षीदार:

१. हरिदास वानखडे, किराणावाला. सही केली.

२. रूपराव कडू. सगळे वाचून दाखवले. "काकी, मले काऊन साक्षीदार केलं?" त्याने विचारले.

"उद्या मले मालूम नोयतं म्हणशीन म्हणून."

"प्रेरणा येऊन राह्यली का?"

"येईन."

त्याने पेन घेतला. मग सही केली, आणि सहीखाली "धुरा जागेवर आहे" असे आपल्याच मनाने लिहिले.