डाव्या बाजूचं वजन

गोमती नगर, लखनौ
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

प्रिय सतीश यास नरहरचा मनापासून नमस्कार.

(आधी ‘श्री. सतीशराव’ लिहिलं होतं, मग खोडलं. एकतीस वर्षं न बोललेल्या मित्राला अरेतुरे करावं की अहोजाहो, यावर आमच्याकडे सकाळी अर्धा तास चर्चा झाली. वीणा म्हणाली, भांडलात तेव्हा अरेतुरेच होतं ना, मग तिथूनच पुढे सुरू करा.) तुझी तब्येत कशी आहे? मिरजेची हवा मानवते ना? वहिनींना नमस्कार सांग. माझं म्हणशील तर साखर, रक्तदाब आणि गुडघे हे तिघे मिळून मला सांभाळतात. तब्येतीचा प्रश्न मी केवळ रीत म्हणून विचारलेला नाही, पण त्याकडे नंतर येतो.

पत्रास कारण, आपली गाडी. ‘आपली’ हा शब्द वाचून तुझ्या कपाळावर आठी पडली असेल, ती मला इथून दिसते. पण १९९३ साली चौकातल्या चिकनकारीच्या गोदामात कपड्यांच्या गठ्ठ्यांखालून ती आपण दोघांनीच ओढून काढली होती, आणि पुढे वर्षभर दर रविवारी माझ्या क्वार्टरमागच्या शेडमध्ये तिच्याखाली उताणे पडलेलो असायचो. (कार्बोरेटरमध्ये पांढरा दोरा सापडला होता, आठवतं? परवा अजून एक निघाला.) मग चौऱ्याण्णव साली ‘तो’ प्रकार झाला. त्याबद्दल मी इथे अवाक्षर काढणार नाही. इंजिनाच्या तळाचा नट तू ढिला ठेवलास, सगळं तेल रस्त्यावर गेलं, इंजिन जाम झालं, आणि मी ते मंडळाच्या गणपतीत शंभर माणसांसमोर बोलून दाखवलं, एवढंच. तू बदली मागून घेऊन निघून गेलास. मी काही मनात ठेवणारा माणूस नाही. गाडी मात्र ताडपत्रीखाली तशीच राहिली, आणि निवृत्त झाल्यावर मी तिला पुन्हा हात घातला.

या खेपेला गाडीचा इतिहासही कळला, तो आपल्याला तेव्हा कोणी सांगितला नव्हता. सांगणारे मुन्नन मियाँ. वय अठ्ठ्याहत्तर, चौकात गॅरेज, कानाने अधू, पण पाना हातात घेतला की इंजिनाचं सगळं ऐकू येतं. विलायतेत त्या कंपनीने अशा अकराच गाड्या बनवल्या आणि मग गाशा गुंडाळला. त्यातली एक इथल्या एका तालुकदाराच्या (बड्या जमीनदाराच्या) मुलाने, कुँवरसाहेबांनी, मागवली. कुँवरसाहेब गाडी हाकायचे आणि डावीकडे मुन्नन मियाँचे अब्बा, इलाहीबख्श, बसायचे. बसायचे म्हणजे शोभेला नव्हे. डॅशबोर्डाच्या डाव्या कोपऱ्यातला हातपंप तुला आठवत असेल. तो सतत मारला तरच टाकीत हवेचा दाब राहतो आणि पेट्रोल इंजिनापर्यंत पोचतं, आणि चालवणाऱ्याचा हात तिथे पोचत नाही. ही गाडी दोघांचीच आहे. जुन्या धावपट्ट्यांवरच्या सात शर्यती त्या दोघांनी मारल्या. सातवीनंतर वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात इलाहीबख्श कापलेले होते, आणि कुँवरसाहेब म्हणाले की फोटोत एकच माणूस शोभतो. अब्बा त्याच दिवशी पायी स्टेशनवर गेले आणि कानपूरला निघून गेले. आठवी शर्यत कुँवरसाहेब हट्टाने एकटे धावले. झेंडा समोर दिसत असताना गाडी धापा टाकून उभी राहिली, ती राहिलीच.

आता माझ्या मूळ तक्रारीकडे येतो. जुलैत सगळं जुळून आलं, रंग झाला, इंजिन सुरू झालं, पण गाडी डावीकडे कललेली. स्टिअरिंग उजवीकडे, बॅटरी उजवीकडे, मग कलायची तर उजवीकडे कलायला हवी. स्प्रिंगा बदलल्या, पुन्हा कललेली. (अनघाला नोएडाला फोन केला तर म्हणते, पापा, ज़मीन टेढ़ी होगी. मुलीला शिकवून हे फळ.) छत्तीस वर्षं रेल्वेत डब्यांची वजनं तपासलेला माणूस मी, गप्प बसतोय होय! धान्यवाल्याकडून चार इलेक्ट्रॉनिक काटे आणले आणि एकेका चाकाखाली एकेक घातला. हिशेब करून पाहिलं, तर डाव्या सीटवर चौऱ्याहत्तर किलो जास्त निघाले. सीटवर कोणी नाही. मी हात फिरवून पाहिला. वीणाने कुंचल्याने झाडून पाहिलं.

मग मी रोज सकाळी नाश्त्यानंतर नोंद ठेवू लागलो. वजन दर गुरुवारी वाढायचं. दोनशे ग्रॅम, कधी अडीचशे. शुक्रवारी पुन्हा खाली. मी वीणाला वही दाखवली. ती म्हणाली, उपासाच्या दिवशी ज्याचं वजन वाढतं असा माणूस मी एकच पाहिलाय, माझ्याच हातची साबुदाण्याची खिचडी तीन-तीनदा मागून घ्यायचा. त्यानंतर आम्ही दोघं गॅरेजच्या दाराशी उभे राहून त्या सीटकडे पाहत राहिलो. भर दुपार होती. समोरून ई-रिक्शा चालल्या होत्या, भाजीवाला ओरडत होता, आणि सीटच्या कातड्यावर मांडीखाली पडते तशी सुरकुती हळूच पडली आणि तशीच राहिली.

मुन्नन मियाँना सांगितलं तर ते चकित वगैरे अजिबात झाले नाहीत. म्हणाले, “साहब, ये गाड़ी अकेले की है ही नहीं. जो रूठ के उतर जाए, उसका वज़न ये रख लेती है.” अब्बा कानपूरला गेल्यावरही डावी बाजू अशीच बसली होती, पाच वर्षं. एका सकाळी ती आपोआप वर उठलेली दिसली आणि दुपारी तार आली. मी विचारलं, म्हणजे माणूस गेल्यावरच उठते का? त्यावर त्यांनी चहा संपवला, मिशी पुसली आणि म्हणाले, “या आदमी गुज़र जाए, या मान जाए. हमारे अब्बा माने नहीं.”

तरीही मी मागच्या मंगळवारी सकाळी गाडी एकटाच बाहेर काढली. (हट्टी स्वभाव. तुला नवीन सांगायला नको.) पंप मारायला कोणी नाही, म्हणजे गाडी फर्लांगभरात थांबायला हवी होती. मी हज़रतगंजपर्यंत गेलो आणि परत आलो. दाबाचा काटा एकदाही हलला नाही. वळणावर डावी बाजू आधीच आत झुकायची, तू झुकायचास तशी. परतीला एका चौरस्त्यावर लाल दिव्याशी थांबलो, तर वाहतूक पोलीस कौतुकाने गाडीभोवती फिरला, माझ्या डावीकडे वाकून पाहिलं आणि हलक्या आवाजात मला म्हणाला, “अंकल, भाईसाहब को घर ले जाइए. बहुत कमज़ोर लग रहे हैं.” घरी येऊन मी पंपाच्या मुठीला हात लावला. ती कोमट होती.

असो. पत्र लिहिण्याचं खरं कारण म्हणजे त्या पंपातल्या वॉशरचं तू काढलेलं रेखाचित्र. जुना वॉशर झिजलाय आणि तसा कुठे मिळत नाही. तुझ्या कागदपत्रांत ते असेलच, तू काही टाकून देणारा नव्हेस. फेब्रुवारीत इथे जुन्या गाड्यांची रॅली आहे, त्याआधी मिळालं तर बरं होईल. मोठ्यांना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद, अर्थात आपल्याहून मोठं कोणी उरलं असेल तर.

तुझा (तुझी हरकत नसेल तर)
नरहर

ता. क. रेखाचित्र नाही सापडलं तरी चालेल. मुन्नन मियाँनी वॉशर केव्हाच कापून बसवला. विचारायचं होतं ते असं, की तुझं वजन किती आहे? ऑगस्टमध्ये काटा चौऱ्याहत्तर दाखवत होता, दसऱ्याला सदुसष्ट, आज अठ्ठावन्न. दिवाळीत तीनशे ग्रॅम वाढलं तेव्हा मी वेड्यासारखे पेढे वाटले. पण गेले तीन गुरुवार ते वाढलेलं नाही. तू खिचडी खात नाहीस का? काय झालंय तुला? डॉक्टर काय म्हणतात? घरातल्या काट्यावर उभा राहा आणि आकडा कळव. मला फार भीती वाटते आहे, सतीश.

ता. क. २. रेल्वेतल्या सवयीने तू घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर पिवळी रेघ मारायचास. त्या शनिवारी तू मला सांगून गेला होतास, की तळाचा नट मी नुसता हाताने लावलाय, पाना तू फिरव, रेघ मी उद्या मारतो. मी पाना फिरवला नाही. रविवारी तू यायच्या आधीच मी गाडी एकट्याने बाहेर काढली, मला ती आधी चालवून पाहायची होती. नट मला रस्त्यावर सापडला. त्यावर रेघ नव्हती. मी तो खिशात घातला आणि गणपतीत तुझं नाव घेतलं. एकतीस वर्षं तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. वीणालासुद्धा आज कळलं, आणि ती दुपारपासून माझ्याशी बोललेली नाही. माझं चुकलं. तुझं काहीही चुकलं नव्हतं.

ता. क. ३. गुरुवार, सकाळचे आठ. हे पाकीट तीन दिवस टपालात टाकायचं धाडस झालं नाही. आज चिकटवण्याआधी खाली जाऊन काटे पाहिले. डावी बाजू वर उठली आहे. चारदा पाहिलं. सीटच्या कातड्यावर सुरकुती नाही, पंपाची मूठ गार आहे. मंडळाच्या जुन्या वहीतून वीणाने तुझा नंबर काढला, तो लागत नाही. मुन्नन मियाँना फोन केला, त्यांनी दोन्ही कारणं पुन्हा सांगितली आणि फोन ठेवला. तेव्हा पत्र टाकत नाही, दुपारच्या गाडीने स्वतःच घेऊन निघतो. वीणाने खिचडी करून डबा दिला आहे, मिरजेपर्यंत तिचं काय व्हायचं ते होवो. नट बरोबर घेतला आहे, पिवळ्या रंगाची डबीही. म्हणजे हे पत्र तुझ्या हातात मीच दिलेलं असेल आणि तू इथपर्यंत वाचत आला असशील, तर दोन्हींपैकी कारण कोणतं, ते मला कळलेलं असेल. मी समोरच्या खुर्चीत बसलो आहे. वाचून झालं असेल तर काहीतरी बोल.