अर्धं जातं डोहात

१७ डिसेंबर १९६१
वर्धा नदी, चांद्याच्या रस्त्यावरचा क्यांप

आज टोप घातला! तांब्याचा, समोर गोल काच, बाजूनं दोन. आंगात रबराचा झगा, छातीवर अन् पाठीवर शिसं, पायात शिशाचे बूट. उभा राहाले गेलो तं धपकन बसलो. सारे हासले. इस्माईलभाई, आमचा रत्नागिरीकडचा पाणबुड्या, म्हणे, "बस, बस. हे घालून जमिनीवर कोण चालतो? पाण्यात चालायचं."

हे माह्या वाट्याले कसं आलं थे लिहून ठेवतो. पुलाच्या खांबासाठी नदीत गोल विहीर बांधतात अन् ती खाली खाली दाबत नेतात. बुडाले दगड नाहीतं लाकूड अडकलं की पाणबुड्या उतरून मोकळं करते. इ.भाईचा एक कान गेला, म्हून साहेब त्याले जोडीदार पाहून राह्यलेते. क्यांपातल्या तिघाइले विचारलं. तिघंही म्हणे, नाही बा, त्या टोपात मुसलमानाच्या तोंडचं वारं, उष्टं. मी स्टोअरात खिळे मोजून वैतागलो होतो. म्हटलं, मी घालतो. आपल्याले कोणाचं वारं उष्टं नाही.

पोहता येते का, हे कोणी विचारलंच नाही. येत नाही.

२० डिसेंबर
उतरलो. पाणी काचेवर चढलं तवा डोळे मिटून घेतले. उघडले तं सारं पिवळं, मंग हिरवं, मंग काहीच नाही. आवाज एकच. फुस्स... फुस्स... वर पंपाचा दांडा फिरते, नळीनं वारं टोपात येते. दांडा थांबला की संपलं. इ.भाईनं पंपावरच्याइले सांगून ठेवलं आहे, आभाळ कोसळलं तरी हात थांबवायचा नाही.

कान असे दुखले की रडू आलं. "थुंकी गिळ, गिळत राहा" हे सांगतलं होतं थे बुडाशी गेल्यावर आठवलं.

खाली इ.भाई म्हणते तसंच आहे. डोळ्यांना सुट्टी, हातानंच पाहायचं. रेती वर सारखी दिसते, पण हाताले जागोजागी वेगळी लागते. कुठी साखरेसारखी, कुठी खारकेच्या बियांसारखी. हे नदीतून रोज जाणाऱ्यालेही ठाऊक नसन!

२३ डिसेंबर
फजिती. दोरीची भाषा अशी: एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे दोर सोडा, चार म्हणजे वर ओढा. आज वरच्या उजेडात एक मरळ, हातभर लांब, काचेले तोंड लावून उभी. माह्याकडे पाहे. मी तिच्याकडे. कोणाले तरी दाखवावं वाटलं, म्हून खुशीत दोरी हालवली. दोरीवर रामसिंग होता, घाटंजीकडच्या तांड्यातला. त्यानं चार मोजले अन् ओढला सपासप. काच उघडली तं बिचारा पांढराफट्ट.

"काय झालं? काय झालं?"

"मासा."

त्यानंतर जे बोलला थे बंजारी बोलीत बोलला. मले समजलं नाही, बरंच झालं.

११ जानेवारी १९६२
शिळं वारं सोडाले टोपात एक बटण असते, डोक्यानं दाबा लागते. आज दगडाशी झोंबताना विसरलो. झगा फुगला. हातपाय चारी दिशाले ताठ, अन् मी मेल्या म्हशीसारखा पाण्यावर. इ.भाई हासून हासून खाली बसला, मंग दोन शिव्या दिल्या, मंग च्या पाजला. म्हणे, "माझ्या उस्तादानं मला हे दुसऱ्यांदा करू दिलंन नाय."

मी विचारलं, भाई, तुम्हाले समुद्रात भेव नाही वाटत?

"वाटतं ना. म्हणून तर हळू चालतो."

४ फेब्रुवारी
सामान गाड्यांवर चढलं. पुढचा पूल अडाण नदीवर, बोरीच्या बाजूले. म्हणजे आपल्याच गावाशी! आपल्याच डोहात! मी नाचलोच. लहानपणी गावचे पोट्टे विहिरीत उड्या मारत, आम्ही दुरून पाहू. विहिरीवर आपल्याले कोण चढू देत होतं? नदीच्या रेतीत झिरा उकरायचा अन् वाटीनं पाणी भरायचं. पोहण्यासारखं पाणी आमच्या वस्तीच्या वाट्याले आलंच नाही. आता त्याच नदीच्या बुडाशी चालून येईन.

९ फेब्रुवारी, घरी
मायले टोपाचं सांगतलं. तिनं तोंडावर पदर घेतला. मले वाटलं रडते. हासून राह्यली होती. "वरून कोणी वारं घालते अन् तू खाली पितं? बापा!"

बाबानं विचारलं फक्त, "डोहात कुठी?" म्हटलं, तीन नंबरचा खांब, उंबरासमोर. बाबा उठून बाहेर गेले.

मले तवा ध्यानात आलं.

१० फेब्रुवारी
छप्पनची गोष्ट. नागपूरहून दीक्षा घेऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबानं घरातले सारे देव काढले. खंडोबा, मरीमाय, पूर्वजांचे चांदीचे टाक. फडक्यात बांधले. तरंगू नाही, वाहून दुसऱ्याच्या हाती जाऊ नाही, म्हून वजन पाह्यजे होतं. घाईत हाताशी जे आलं थे घेतलं: मायच्या जात्याची वरची तळी. भोकातून दोर ओवला, गाठोडं बांधलं, अन् उंबराखालच्या खडकावरून डोहात. माय तवा शेतात होती.

आल्यावर तिनं देव्हारा पाह्यला अन् काही म्हणली नाही. मंग जात्याकडे पाह्यलं. त्या दिवशी जे झालं थे अख्ख्या वस्तीनं ऐकलं.

१२ फेब्रुवारी
माय अंगणात. खालची तळी तिथंच पडून असते, तिच्यात कोंबड्या पाणी पितात. हळूच म्हणे, "बाबू, तू रोज जातं त्या डोहात. माही तळी आणशीन?"

म्हटलं, चक्की आहे ना बोरीत. दुसरी तळी घेऊन देतो.

"दुसरी कशी बसन बे? दोघी घासून घासून एकमेकीच्या झालेल्या राह्यते. माहेराहून आणलं होतं ते जातं. देव तुह्या बाबाचे होते, त्यायनं बुडवले. मले काही म्हणाचं नाही. पण जातं माह्यं होतं ना? माह्यं कायले बुडवलं?"

 खरं आहे.

"बाबाले नको सांगू. त्यायले वाटन, मी देव मागून राह्यली."

मले स्वतःले देवाचं काही नाही, दीक्षा मीही घेतली. पण पाच वर्षं पाण्याखाली राह्यलेल्या देवाचं काय होत असन? हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाही.

१५ फेब्रुवारी
इ.भाईनं गावातले गडी घेतले, अन् पंपावर कोण, तं बाबा! मी कोणाचा पोरगा हे त्याले माहीत नव्हतं. म्हणे, "ह्या माणसाचा हात बघ, घड्याळासारखा." डोह वर्धेएवढा खोल नाही, म्हून दांड्यावर एका वेळी एकच माणूस.

आज पह्यल्यांदा बाबाच्या हातचं वारं घेतलं. फुस्स... फुस्स... एकसारखं. वर्धेवरचे गडी दमले की वारं बारीक होई. हे होत नाही. घरी दोघं समोरासमोर बसलो तं चार शब्द निघत नाही.

१९ फेब्रुवारी
इ.भाईले सांगतलं. वाटलं हासन. "आईचं जातं? मग काढायलाच पायजे." विहिरीचं काम झालं की नळी पुरते तिथवर उंबराकडे फिरून येऊ देते. रामसिंगलेही सांगतलं. त्याले लय मजा. फक्त बाबाले नाही.

आज काही नाही. एक फुटका घडा अन् बैलाचं शिंग.

२२ फेब्रुवारी
काही नाही. रेती लय भरली. माय संध्याकाळी नुसती पाहते, विचारत नाही.

२६ फेब्रुवारी
सापडली.

विहीर खाली दाबली त्यानं बाजूची रेती खचली, खडकाशी घळ पडली. बूट ठणकन लागला. वाकता येत नाही, गुडघ्यावर बसलो. हात फिरवला. गोल. मधात भोक. बाजूले खुंट्याचा खड्डा. टोपात एकटाच ओरडलो, माह्याच आवाजानं कान बसले. जुन्या दोराचं नाव नाही, सडला. नवा दोर ओवला, रामसिंगले ठरलेली खूण दिली. तळी हातातून उचलल्या गेली.

तिच्या जागी खड्डा राह्यला. त्यात हात घातला. काहून घातला, देव जाणे. (हे लिहून मलेच हासू आलं.) बोटाले काही चपटं लागलं. अंगठ्याएवढं, वरून खडबडीत. टाक? का डबड्याचा पत्रा?

तवाच वारं थांबलं.

फुस्स नाही. काहीच नाही. टोपात फक्त माह्या छातीचे ठोके. समजलं. तळी पाण्याबाहेर निघाली अन् बाबानं पाह्यली. असा भेलो, असा भेलो, की वरती ओढा म्हणाचंही सुचलं नाही.

मंग आलं. भराभरा, एकावर एक, टोप भरून, जसं काही दांडा मोडूनच टाकते. मी हात काढला अन् चार हिसके दिले. जे लागलं थे तिथंच राह्यलं.

वर इ.भाई बाबावर आग. "हवा बंद? पोरगा खाली, अन् हवा बंद?" बाबा खाली मान घालून ऐकत होते. बाबाले कोणी असं बोललेलं मले खपत नाही. आज मी बसून बूट सोडत राह्यलो.

बाबानं एवढंच विचारलं, "मायनं सांगतलं?"

"हो. जातं पाह्यजे म्हणे."

तळी बाबानं स्वतः खांद्यावर घेतली. मले हात लावू दिला नाही.

२७ फेब्रुवारी
मायनं तळी घासली, उन्हात वाळवली, टाकी लावून घेतली. खालचीवर बसवली तं कट्टकन बसली. माय एवढी हासली की शेजारच्या बाया धावल्या. मंग जवारी घेऊन बसली. मी पाच वर्षांनी तिची ओवी ऐकली. जुनीच ओवी, तिच्या मायची. त्यात खंडोबाचं नाव येते. तिथं आली अन् तिनं नाव घेतलं नाही, नुसतं हुंकारली, पुढे गेली. दर खेपेले तिथं हुंकार.

बाबा दारात उभे होते. त्यायनंही ऐकलं.

३ मार्च
तीन नंबरचं बूड परवा सिमेंटनं बंद होते. टोप, झगा, सारं पेटीत जाईन. उद्या एक शेवटची उतरणी. इ.भाई म्हणते पुढचं काम पैनगंगेवर, येतोस का? हो म्हटलं, अजून घरी सांगतलं नाही.

संध्याकाळी नदीवर मी अन् बाबा दोघंच. पेट्या आवरून राह्यलो होतो. बाबा म्हणे, "तळीखाली... अजून काही होतं का रे?"

माह्या हातून पाना पडला. मायनं इतक्या दिवसांत हे एकदाही विचारलं नाही. वस्तीत देवाचं नाव काढलं तं अंगावर येणारा माणूस, अन् विचारलं कोणं, तं यायनं.

म्हटलं, "बोटाले काहीतरी लागलं होतं. दिसत नाही खाली. पत्राही असन."

बाबानं पाना उचलून पेटीत ठेवला. "मी चूक नाही केली," म्हणे. मी म्हटलं, नाही केली.

"फक्त... कसे आहेत, एवढंच."

म्हटलं, "उद्या पाहू का?"

 बाबानं पेटीतून तेलाची कुपी काढली अन् पंपाच्या दांड्याले तेल घालत बसले.