रांगेत राहिलेला निरोप

भदौ २८

आज खोटेपणा केला. आमचं ऑफिस गिऱ्हाइकांचे मेसेज घाऊक पाठवतं. आजचं गिऱ्हाईक दसैंच्या सणाचे बोकड विकणारं — कतारात कामाला गेलेल्या पोरांनी पैसे भरायचे, बोकड इथे त्यांच्या घरी पोचणार. तिकडच्या फोन कंपनीचा नियम असा, की जाहिराती दिवसाच आणि मोजक्याच. तातडीच्या सूचनेला मात्र बंधन नाही. राजभंडारी सर म्हणाले, "मेनुका, दसैंत बोकड तातडीचाच असतो गं. सूचना म्हणून ढकल." मी हसले आणि ढकलली. माझ्याच हाताने!

भदौ ३०

पकडले गेलो. तिकडच्या फोन कंपनीने कतारात आमचं नावच बंद केलं. त्याच एका नावाने सगळ्यांचे मेसेज जातात — बोकडवाला, शाळा, पाल्पाचं हॉस्पिटल. सगळे रांगेत तुंबलेत. सर म्हणतात, "गिऱ्हाइकांना कळू देऊ नकोस. रांगही पुसू नकोस, नाव सुटलं की आपोआप जातील."

असोज १

पाल्पाच्या हॉस्पिटलातून सुषमाचा फोन, तिथून घरच्यांना मेसेज तीच धाडते. दिलमाया थापा नावाची म्हातारी दाखल आहे, एकटीच. मुलगा खीम कतारला. "सारखी विचारते, माझ्या खीमला कळवलं का? मेसेज गेला ना, दिदी?"

"गेला," म्हणाले.

रांगेत समोर दिसत होता — 'आई तुमची आठवण काढते आहे. लगेच फोन करा.' शेजारी खीमचा नंबर. माझ्या फोनवरून लावता आला असता. पण मग नाव बंद असल्याचं फुटलं असतं. नोकरी जाईल म्हणून घाबरले. घरी येऊन जेवण गेलं नाही.

असोज ३

सुषमाने पुन्हा विचारलं. पुन्हा "गेला".

असोज ५

म्हातारी गेली. शेवटपर्यंत दाराकडे बघत होती म्हणे.

असोज ९

खीमला काल गावातल्या कुणाकडून तरी कळलं. सुषमाला फोनवर नाही नाही ते बोलला. वर डॉक्टरांनीही तिलाच झापलं — तूच नंबर चुकवला असशील! रडत मला सांगत होती, "तिकडे कामगारांच्या कॅम्पातच आईची किरिया धरून बसलाय, दिदी. पांढरं नेसून, बिनमिठाचं एक वेळ खातो. आणि हे माझ्यामुळे."

मी म्हणाले, "रडू नकोस." एवढंच. स्वतःची किळस येते.

असोज १२

सरांनी फोन कंपनीला धाडलेलं माफीचं पत्र कामी आलं. दुपारी नाव सुटलं. सरांनी सगळ्यांना मोमो खाऊ घातले. मीही खाल्ले, वर चटणी मागून घेतली. उद्या सुषमाला खरं सांगायचं. ठरवलंय.

असोज १३

सकाळी ऑफिसात खीमचा फोन. मेसेजखाली आमचाच नंबर असतो. रांगेतला त्याचा मेसेज तेवढा पुसावा, हे मला सुचलंच नव्हतं.

"दिदी, आत्ता मेसेज बघितला. आई आठवण काढते आहे म्हणे! गावच्यांनी खोटंच सांगितलं बघा मला. तिला द्या ना फोन. आणि मी आता मीठ खाऊ ना?"