वेदना : शून्य

१२ ऑक्टोबर
आज रेवदंड्याला आले! बंदराजवळच्या हाडांच्या छोट्या दवाखान्यात नोकरी, आणि राहायला त्याच्याच वरची खोली. खिडकीतून खाडीचं तोंड, होड्या, वाळत घातलेले बोंबील. वासाची सवय होईल. डॉक्टर हितेश सरांनी काम समजावलं. इथे मोडक्या हाडात मॅग्नेशियमचा स्क्रू बसवतात. शरीरातल्या खाऱ्या पाण्याने तो हळूहळू गंजतो, हाड जुळेपर्यंत टिकतो, मग विरघळून जातो. काढायला दुसरं ऑपरेशन नको. मी फक्त एक्स-रे काढायचे, आणि वेदना शून्य ते दहामध्ये किती, ते विचारून लिहायचं.

२१ ऑक्टोबर
पहिली पेशंट केसरमावशी. मासे सुकवते, विकते. धक्क्यावर पडून मनगट मोडलं होतं. एक्स-रेत स्क्रू चघळलेल्या गोळीसारखा बारीक झालाय. मनगट दाबलं तर कातडीखाली कुरकुरलं. सर म्हणाले, धातू गंजताना वायू सुटतो, त्याचे बुडबुडे, आपोआप जिरतात. मावशीने माशांनी भरलेली पाटी उचलून दाखवली. "दुखत न्हाय गो बाय, जराबी न्हाय." मी शून्य लिहिलं. जाताना मला मूठभर सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, देऊन गेली.

१७ नोव्हेंबर
धक्क्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरले आणि माझंच डावं मनगट मोडलं. सरांनी तोच स्क्रू बसवला. आईला फोनवर म्हटलं, आता पेशंटना अनुभवाचे बोल सांगेन. ती रागावली, मला हसू आलं.

३ फेब्रुवारी
केसरमावशीचा स्क्रू पूर्ण गेला. पण त्याच्या आजूबाजूचं हाडही एक्स-रेत दिसत नाही. मशीन बिघडलं असेल म्हणून तीनदा काढला. सरांनी तिन्ही एक्स-रे शेजारी लावले, मग वेदनेचा आकडा विचारला. शून्य, मी सांगितलं. मग चांगलंच आहे की, म्हणाले.

११ मार्च
बाजारात विळीवर सुरमई कापता कापता मावशीची त्याच हाताची दोन बोटं गेली. गिऱ्हाईक किंचाळलं तेव्हा तिला कळलं. मी पट्टी बांधायला घेतली तर पंजा ओल्या फडक्यासारखा माझ्या हातात लोंबला. दुखत न्हाय, एवढंच म्हणाली. तिला रडूही येईना. सरांना म्हटलं, ऑपरेशनं थांबवा. एका पेशंटवरून थांबवता येत नाहीत, म्हणाले.

२८ मार्च
माझा एक्स-रे मीच काढला. मनगटात स्क्रू नाही. हाडही — कोपरापर्यंत नाही. घाबरायला हवं. आईला फोन करायला हवा. फोन समोरच आहे.

६ एप्रिल
उजवा हातही कुरकुरतो. पेन बोटांत आहे की नाही, ते बघितल्यावर कळतं. हातावर चहा सांडला. फोड आले. शून्य.

९ एप्रिल
हिरामण, होडीवरचा खलाशी. पाय मोडलाय. आज त्याला स्क्रू बसवणार. नको म्हण, असं सांगायलाच खाली गेले. त्यानेच आधी विचारलं, ताई, नंतर दुखतं का. मी म्हटलं, नाही. खोटं तर नव्हतं. त्याच्या बायकोने आभार मानत मला हात जोडले. स्ट्रेचर आत गेलं. मी बाहेर बाकावर. दार अजून उघडं आहे. इथून हाक मारली तरी सरांना ऐकू जाईल. मारायला हवी. तोंड उघडलं की जबडा नुसता कुरकुरतो, शब्द फुटत नाही. दुखतही नाही —